‘मोठी आई, यातून ते सिद्ध होत नाही!’

दुपारचे दोन वाजलेले. भांडी विसळून पालथी घातलेली, सासूबाईंचा डोळा लागलेला. स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी आणि माझी पुतणी समोरासमोर बसलेलो. मध्ये स्टीलची परात आणि परातीत माझ्या हातातल्या तीन बांगड्या. कोणी खिडकीतून बघितलं असतं तर म्हणालं असतं, या दोघी काही तोडगाबिडगा तर करत नाहीत ना?

तोडगा नव्हता, अभ्यास चालला होता. वकिलीच्या प्रवेश परीक्षेचा.

पुतणी म्हणजे माझ्या धाकट्या दिरांची मुलगी. दीर खेड्यावर शेती करतात. अकरावीपासून ती शिकायला आमच्याकडे मूर्तिजापूरला आहे. मला ‘मोठी आई’ म्हणते. बारावीनंतर पाच वर्षांचा कायद्याचा कोर्स करायचा हे तिने केव्हाच ठरवलं होतं. त्यासाठी राज्याची सीईटी द्यावी लागते. महाराष्ट्रात २०१६ पासून कायद्याचे प्रवेश या सीईटीवरूनच होतात. सामान्यज्ञान ती पेपर वाचून करायची, इंग्रजीला सर होते. अडत होतं ते ‘लॉजिकल रिझनिंग’वर, म्हणजे तर्काच्या प्रश्नांवर. त्याची शिकवणी आमच्या गावात कुठे मिळणार? म्हणून २०२४ च्या दिवाळीनंतर ती म्हणाली, ‘मोठी आई, तू फक्त उत्तरं तपासत जा.’

मी १९९९ ची बी.ए. विषय मराठी आणि समाजशास्त्र. गणिताशी दहावीतच फारकत झालेली. पण उत्तरपत्रिका हातात घेऊन ‘बरोबर, चूक, चूक’ एवढं म्हणायला काय जातं? बसले. आणि दोन-चार दिवसांत माझ्या लक्षात आलं की ती प्रश्न वाचते तेव्हा मीही मनातल्या मनात सोडवते आहे. आणि चुकते आहे!

भाकरी, आंबील आणि बांगड्या

पहिल्यांदा चुकले तो प्रश्न साधाच होता. मी तो आपल्या भाषेत सांगते. ‘सगळ्या भाकरी ज्वारीच्या आहेत. ज्वारीचे काही पदार्थ आंबट असतात. म्हणून काही भाकरी आंबट असतात.’ बरोबर की चूक?

मी म्हटलं, बरोबर. शिळी भाकरी नाही का आंबूस लागत?

पुतणी हसली. ‘मोठी आई, यातून ते सिद्ध होत नाही! शिळ्या भाकरीचं प्रश्नात कुठे लिहिलं आहे?’

मग तिने परात ओढली आणि मला बांगड्या काढायला लावल्या. मोठी बांगडी म्हणजे ज्वारीचे सगळे पदार्थ. तिच्या आत छोटी बांगडी, ती भाकरी. आता आंबट पदार्थांची तिसरी बांगडी. ती मोठीला कुठेतरी छेदली पाहिजे, पण छोटीला शिवलीच पाहिजे असं कुठे आहे? आंबट असेल ती आंबील असेल. भाकरी आंबट असूही शकते, नसूही शकते. प्रश्नात दिलेल्या दोन वाक्यांवरून तसं ठामपणे म्हणता येत नाही, एवढंच.

अशी वर्तुळं काढून तर्क तपासायची रीत जॉन व्हेन नावाच्या इंग्रज तर्कशास्त्रज्ञाने १८८० मध्ये मांडली. बिचाऱ्याला कुठे ठाऊक असणार, की वऱ्हाडातल्या एका परातीत त्याचा धडा बांगड्यांवर चालेल!

पुढे वाचताना आणखी एक गंमत कळली. आपल्याकडे तर्कशास्त्राचं जुनं नावच ‘न्याय’. गौतमांचं न्यायदर्शन म्हणजे कोर्टकचेरी नव्हे, विचार कसा करायचा त्याचं शास्त्र. डोंगरावर धूर दिसतो, जिथे धूर तिथे विस्तव, जसा आपल्या चुलीत. म्हणून डोंगरावर विस्तव आहे, हे त्यातलं नेहमीचं उदाहरण. नीट विचार करणं आणि न्याय देणं या दोन्हींना आपण एकच शब्द वापरतो, हे मला शेहेचाळिसाव्या वर्षी समजलं.

सासूबाई जिंकल्या

नात्यांचे प्रश्न मात्र आम्हा बायकांच्या हातचा मळ. इंग्रजीत ‘आंट’ म्हटलं की काकू, मावशी, आत्या, मामी सगळ्या एकाच पोत्यात. ‘ब्रदर इन लॉ’ म्हणजे दीर, मेहुणा, नणंदेचा नवरा, काहीही. आपल्याकडे प्रत्येक नात्याला वेगळा शब्द, वेगळा मान आणि वेगळा आहेर. या सीईटीत इंग्रजीचा भाग सोडला तर प्रश्न मराठीतही असतात. त्यामुळे इंग्रजी वाक्य वाचलं की आधी त्याचं आपलं नातं लिहायचं, मग सोडवायचं, ही युक्ती मी पुतणीला शिकवली. तेवढ्यापुरती मी गुरू!

एकदा प्रश्न होता, ‘फोटोतल्या बाईकडे बोट दाखवून एक माणूस म्हणतो, हिच्या सासऱ्याचा एकुलता एक मुलगा माझे वडील आहेत. तर ती बाई त्याची कोण?’ आम्ही दोघी एकदम म्हणालो, ‘आई!’ पुस्तकातही तेच उत्तर. तेवढ्यात आतून सासूबाईंचा आवाज आला, ‘आईच काहून? सावत्र माय नाही राहू शकत काय वं?’

आम्ही गप्प. सासूबाई चौथी शिकलेल्या. पण मुद्दा बिनतोड होता. बापाची बायको म्हणजे आपली आईच, हे आम्ही गृहीत धरलं होतं. परीक्षेत पर्यायात जे असेल ते निवडायचं, हे खरं. पण त्या दिवसापासून पुतणी कोणतंही उत्तर लिहिण्याआधी म्हणायची, ‘थांब, आजीला विचारू.’

गावच होकायंत्र

दिशांचे प्रश्न म्हटले की माझं डोकं गरगरायचं. ‘एक माणूस उत्तरेला ३ किलोमीटर गेला, उजवीकडे वळून ४ किलोमीटर गेला...’ अरे, पण हा जातोय कुठे? मग मी आमच्या रेल्वे स्टेशनचाच आधार घेतला. मूर्तिजापूर जंक्शन. मुंबई-हावडा लाईनवर पश्चिमेला अकोला, पूर्वेला बडनेरा. शकुंतलेचा एक फाटा उत्तरेला अचलपूरकडे, दुसरा आग्नेयेला यवतमाळकडे. शकुंतला आता धावत नाही. लहानपणी तिच्या खिडकीत बसून मामाच्या गावी गेलेली मी, तिचे रूळ बघितले की अजून जीव तुटतो. पण तिने मला दिशा शिकवल्या! स्टेशनवर उभी राहून अचलपूरकडे तोंड केलं की उजवा हात बडनेऱ्याकडे. मग तो माणूस ३ किलोमीटर अचलपूरच्या बाजूला जाऊन ४ किलोमीटर बडनेऱ्याच्या बाजूला वळला, तर निघाल्या जागेपासून सरळ रेषेत ५ किलोमीटरवर आणि ईशान्येच्या बाजूला. सुटलं!

बसण्याच्या क्रमाच्या प्रश्नांना आम्ही ‘पंगत’ म्हणायचो. मैत्रिणींनो, तुम्हीही एक सोडवून बघा. हळदीकुंकवाला पाच जणी एका ओळीत उत्तरेकडे तोंड करून बसल्या आहेत. आत्या मधोमध. तिच्या लगेच उजवीकडे काकू. मावशी डाव्या टोकाला. मामी कोणत्याच टोकाला नाही. मग उजव्या टोकाला कोण? पाचवी आहे आजी, आणि उत्तरही आजीच. मामीला टोक नको, तर तिच्यासाठी दुसरी जागा तेवढी उरते. मात्र त्याच पाच जणी दक्षिणेकडे तोंड करून बसल्या तर कागदावर डावं-उजवं उलटं होतं. म्हणून पंगत मांडण्याआधी तोंड कुठे आहे ते बघायचं.

असे प्रश्न चित्र काढल्याशिवाय सुटत नाहीत. अमेरिकेत वकिलीसाठी जी एलसॅट परीक्षा असते तिच्यात असल्या कोड्यांचा वेगळा भाग होता. जे डोळ्यांनी बघू शकत नाहीत त्यांनी चित्र कसं काढायचं, असा वाद अंध विद्यार्थ्यांनी तिथे केला. २०१९ मध्ये तडजोड झाली आणि ऑगस्ट २०२४ पासून तो भाग परीक्षेतून गेला. वाचून वाटलं, वकील होण्याआधीच त्यांनी पहिला खटला जिंकला म्हणायचा.

‘तूही फॉर्म भर ना’

डिसेंबरात एक दिवस पुतणी म्हणाली, ‘मोठी आई, पदवीनंतर तीन वर्षांचा कोर्स असतो. त्याच्या सीईटीला वयाची अट नाही. खुल्या गटाला पदवीला ४५ टक्के लागतात. तुला किती होते?’

‘बावन्न,’ मी म्हटलं. आणि दोघी एकमेकींकडे बघत राहिलो.

गेली बारा वर्षं मी बचत गटाचं, महिला मंडळाचं काम करते. नवऱ्याने घराबाहेर काढलेली, नावावरची शेती दिराने लाटलेली, पोटगीचे पैसे न मिळालेली, अशा कितीतरी जणींसोबत तहसील, पोलीस स्टेशन, कोर्टाच्या पायऱ्या चढले आहे. प्रत्येक वेळी दारापर्यंत मी आणि आत वकीलसाहेब. बाहेर बाकावर बसून किती वेळा वाटलं, हे आपल्याला कळायला हवं होतं.

घरात विषय काढला. यांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, ‘भर की. नाही झालं तर फीच जाईल.’ सासूबाई म्हणाल्या, ‘आता या वयात वकील होतं काय वं बाई? पण घरात भांडते त्याच्यापरीस कोर्टात भांडशीन तं दोन पैसे तरी येतीन.’ झाला फॉर्म भरून!

चुकांची वही

मग मात्र अभ्यास नियमाने सुरू झाला. २०२५ पासून परीक्षेचं रूप बदललं. दीडशेऐवजी १२० प्रश्न आणि वेळ १२० मिनिटं. म्हणजे प्रश्नाला एक मिनिट. तीन वर्षांच्या कोर्सच्या पेपरात तर्काचे २४ प्रश्न, पाच वर्षांच्या पेपरात ३२. चुकलं तर गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठीची क्लॅट निराळी. आपल्या राज्यात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला अशी विद्यापीठं आहेत. ती परीक्षा इंग्रजीत असते, २०२० पासून तिचे प्रश्न उताऱ्यांवर येतात आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण जातो. त्या वाटेला आम्ही गेलो नाही.

पहिल्यांदा घड्याळ लावून २४ प्रश्न सोडवले तेव्हा मला ५२ मिनिटं लागली आणि बरोबर आले ९. रडूच कोसळलं. मग एक वही केली. तिच्यात तीन रकाने आखले. पहिल्यात चुकलेला प्रश्न. दुसऱ्यात ‘दिलेलं काय होतं’. तिसऱ्यात ‘मी काय धरून चालले’. मैत्रिणींनो, महिनाभरात तो तिसरा रकाना वाचला आणि माझाच चेहरा मला आरशात दिसला. प्रश्नात ‘काही’ असलं की मी ‘सगळे’ धरायचे. दोन गोष्टी पाठोपाठ घडल्या की एकीमुळे दुसरी घडली असं मानायचे. सूचनांचंही तसंच. ‘पाणी उकळून प्या’ अशी सूचना असेल तर तिच्यामागे उकळल्याने पाणी पिण्याजोगं होतं एवढंच गृहीत आहे. मी मात्र ‘गावातलं सगळं पाणी खराब आहे’ यावरही खूण करायचे.

आणि मग संक्रांतीच्या आधीची ती दुपार आली.

मिक्सर

पुतणी प्रश्न वाचत होती. ‘विधान एक, दुकानाच्या गल्ल्यातले पैसे कमी भरले. विधान दोन, गल्ल्यावरच्या नोकराने त्याच आठवड्यात नवी सायकल घेतली. निष्कर्ष, पैसे नोकराने घेतले.’

‘यातून ते सिद्ध होत नाही,’ मी झटकन म्हटलं. आणि पेन हातातच राहिलं.

२०२३ ची गोष्ट. आमच्या बचत गटात बारा जणी. महिन्याला प्रत्येकीचे शंभर. ऑगस्टची सभा २५ तारखेला, शुक्रवारी झाली. जमलेले बाराशे रुपये आमच्या सचिव बाईंकडे बँकेत भरायला दिले. सप्टेंबरच्या सभेत दुसऱ्या एकीने पासबुक आणलं. २८ ऑगस्टपर्यंत छापलेलं, पण बाराशेची नोंद नाही. आणि सचिव बाईंच्या घरी नवा मिक्सर आल्याचं तर सगळ्यांनी बघितलेलं. मी अध्यक्ष. भर सभेत मी म्हटलं, ‘पैसे घरात खर्च झाले असतील तर सांगून टाक, आम्ही हप्ते करून देऊ.’ केवढा मोठेपणा माझा! ती काही बोलली नाही. पदर सावरून उठली आणि निघून गेली. आम्ही त्या गप्प बसण्यालाही कबुली समजलो.

पुढच्या महिन्यात पासबुक छापलं तेव्हा नोंद समोर आली. २८ ऑगस्ट, बाराशे रुपये जमा. शनिवार महिन्यातला चौथा, बँक बंद. नंतर रविवार. सोमवारी दुपारी तिने पैसे भरले होते. आमचं पासबुक त्याच दिवशी सकाळी छापलेलं! आणि मिक्सर राखीला भावाने घेऊन दिलेला. आम्ही बायका ‘बरं झालं बाई, पैसे सापडले’ म्हणालो आणि पुढच्या विषयाला लागलो. मी एकीच्या हाती निरोप धाडला, ‘गैरसमज झाला, ये.’ ती आली नाही. पंधरा महिने मी त्या गल्लीने जायचं टाळलं.

ते सगळं मी वहीत लिहिलं. दिलेलं काय होतं? पासबुकात नोंद नाही, घरात मिक्सर आहे. मी काय धरून चालले? पासबुक पूर्ण आहे. मिक्सर तिने विकत घेतला. निर्दोष माणूस ओरडून सांगतोच. तिन्ही धरलेलं, तिन्ही खोटं.

संक्रांतीला तिळगूळ घेऊन तिच्या घरी गेले. तिने बसायला दिलं, चहा ठेवला. मी म्हटलं, ‘माझी चूक झाली. सगळ्यांसमोर झाली, मी सगळ्यांसमोर कबूल करीन.’ ती चहा गाळत होती. मान वर न करता म्हणाली, ‘ताई, तुमी मले इचारलंच नाही. तुमी तं सांगतलं.’

पावती तिच्या पिशवीत होती. त्या सभेतही होती. कोणी विचारलं असतं तर तिने काढून दिली असती.

फेब्रुवारीच्या सभेत मी उभं राहून सगळं बोलले. आता आमच्या गटात दर सभेच्या दिवशीच पासबुक छापून आणायचं, आणि ज्याच्याबद्दल बोलायचं त्याला आधी बोलू द्यायचं, असं ठरलं आहे. ती मात्र गटात परत आलेली नाही. मी आग्रह केला नाही. तिची दहावीतली मुलगी रविवारी आमच्याकडे पुतणीच्या वह्या घ्यायला यायला लागली, एवढंच.

पुढे काय झालं?

पुतणीची सीईटी एप्रिल २०२५ च्या शेवटी झाली, माझी मे महिन्यात. बाहेर वऱ्हाडचं ऊन, आत एसीच्या खोलीत अठरा-वीस वर्षं पदवी घेऊन न झालेली पोरं आणि त्यांच्यामध्ये साडीतली मी. एका मुलाने अदबीने विचारलं, ‘काकू, पालकांना खाली बसायचं आहे.’ मी हॉल तिकीट दाखवलं. माऊस धरायला हात थरथरत होता, म्हणून आधी महिनाभर कॉम्प्युटर सेंटरवर जाऊन सराव केला होता तो कामी आला. तर्काचे २४ प्रश्न २७ मिनिटांत झाले. पंगत सुटली. एक आकड्यांची मालिका काही केल्या सुटेना, तिथे अंदाजाने खूण केली.

त्यानंतर काही दिवसांनीच, १४ मे २०२५ ला, आपल्या अमरावतीत जन्मलेले, तिथल्याच नगरपालिकेच्या शाळेत शिकलेले भूषण गवई देशाचे सरन्यायाधीश झाले. ते त्याच वर्षी नोव्हेंबरात निवृत्तही झाले. पण त्या सकाळी टीव्हीसमोर बसलेली पुतणी अंगठ्याचं नख चावत म्हणाली होती, ‘मोठी आई, अमरावती आपल्यापासून साठ किलोमीटर तर आहे.’ यातून काय सिद्ध होतं? तर्काने बघितलं तर काहीच नाही. मी तिला तसं म्हटलं मात्र नाही.

दोघींनाही प्रवेश मिळाला. ती अमरावतीला, होस्टेलवर. मी अकोल्याला, रोज सकाळच्या गाडीने. डब्यात दोन पोळ्या, भाजी आणि ती वही. पहिल्याच वर्षी आम्हाला नैसर्गिक न्यायाचं तत्त्व शिकवलं. ज्याच्यावर ठपका आहे त्याचं म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय त्याला दोषी ठरवायचं नाही. सरांनी विचारलं, ‘याचं एखादं उदाहरण?’ वर्गातली मुलं मोठमोठे खटले सांगत होती.

मी वही उघडली. मिक्सरचं पान काढलं आणि हात वर केला.